मामेसासऱ्यांचा उत्तरार्ध

पुस्तक ही एकट्याने वाचायची वस्तू आहे, हे आमच्या मामेसासऱ्यांना उभ्या जन्मात कोणी पटवू शकले नाही. आमची पहिली गाठ पडली तीही याच विषयावर, आणि फजिती झाली ती माझी. मी साताऱ्याकडचा. सेक्रेटरिएटात कारकुनी मिळाली म्हणून नागपूरला आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात हिवतापाने पार आडवा झालो. त्यातून जेमतेम उठलो, तोच कोणीतरी मला महाल नावाच्या जुन्या वस्तीत मुलगी दाखवायला नेले. मुलीची आई तिच्या लहानपणीच गेलेली. मामामामींनी तिला पोटच्या पोरीसारखे वाढवलेले. मामा समोर येऊन बसले. ना पगार विचारला, ना गोत्र. म्हणाले, "काय वाचून राहिले सध्या?" आता इकडे 'वाचून राहिले' म्हणजे 'वाचताय', हे मला कुठले ठाऊक! मला वाटले, गृहस्थ तापातून कसे वाचलात ते विचारताहेत. मी हात जोडून म्हणालो, "देवाची कृपा!" आणि मग डॉक्टरांनी हात कसे टेकले, कोयनेलाने कान कसे बधिर झाले, शेजाऱ्यांनी गावी तार कशी केली, ते सगळे रंगवून सांगितले. मामा मांडीवर हात ठेवून तल्लीन होऊन ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "कहानी दमदार आहे. पण 'देवाची कृपा' हे नाव काई शोभत नाही तिले. शेवटी मरते काय तो रोगी?" आतल्या दाराआड कोणीतरी फसकन हसले. तिच्याशीच पुढे माझे लग्न झाले.

मामा सावनेर रस्त्यावरच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, वजनकाट्यावर कारकून होते. कापसाच्या हंगामात काट्यापुढे बैलबंड्यांची ही रांग लागायची, आणि रांगेतल्या पहिल्या बंडीवाल्याला मामा आपली चालू कादंबरी सांगायला घेत. काट्यावर कापूस, हातात वजन, आणि कादंबरीतली सून सासरच्या माडीवर कोंडलेली. तिला खाली उतरवल्याशिवाय मामांच्या हातातले वजन काट्यावर उतरत नसे. मागचे बंडीवाले ओरडू लागले की पहिला बंडीवालाच मागे वळून त्यांना दटावायचा, "थांबा ना बे! तिकडं बाई कोंडून आहे अन् तुमाले घाई सुटली!" मालकाने एकदा मामांना काट्यावरून उठवून आत जमाखर्चावर बसवले, आठवडाभरात आतला मुनीमही रुमालाने डोळे पुसताना सापडला. मामा परत काट्यावर आले.

डोळे पुसणे आलेच, कारण मामांना रडक्या कादंबऱ्यांखेरीज काही चालत नसे. "ज्याच्यात कोनी मरत नाही ते पुस्तक नाही, जवाईबापू, ते पंचांग आहे," असे त्यांचे ठाम मत होते. क्षय, सवती, विहिरी, बुडालेल्या नावा, यांवर त्यांचा पिंड पोसलेला. चांगली नायिका खपली की मामा लाल डोळ्यांनी गल्लीतून चालायचे, आणि नवखा माणूस विचारायचा, "केव्हा गेले हो? घरातलंच कोणी का?" त्यातही पुस्तकाचा शोक एकट्याने करायचा म्हणजे पंगत सोडून दाराला कडी लावून जेवण्यासारखे! त्यासाठी त्यांनी एक अघोरी युक्ती काढली होती. पुस्तक निम्मे वाचून झाले की सुपारीच्या अडकित्त्याने शिवण कापायची, पूर्वार्ध कोणाच्या तरी हातात कोंबायचा आणि आपण पुढे वाचत राहायचे, म्हणजे बोलायला सोबती तयार! माझ्यासारख्या जावयावर तर पूर्वार्धांचा पाऊस पडे. उत्तरार्धही यायचा, पण तो येईपर्यंत मामा ओट्यावर, टांग्यात, प्रसंगी लग्नाच्या मांडवात गाठून शेवट इतका सविस्तर सांगून मोकळे झालेले असत, की वाचायला शाईच काय ती उरे. त्यांच्या पोटात शेवट राहत नसे. आणि सांगणे तरी कसे? पुस्तकात एक पान असेल, तर मामांच्या तोंडी ते तासभर. नायिकेने उंबरठा ओलांडायचा म्हटले तरी आधी उंबऱ्याचे लाकूड, मग तिचा पाय, मग बाहेरचे आभाळ.

हे सगळे पहिल्याने ऐकायच्या मामी. डाळ निवडत, भाकरी थापत, मान वर न करता. मामा मधेच विचारायचे, "ऐकून राहिली काय वं?" त्यावर एक "हं" यायचा. मात्र त्या 'हं'मागे बारीक लक्ष असे. मामींना पुस्तकातली माणसे जगायला हवी असत. "त्या पोरीले विहिरीवर एकटं काहून पाठवलं? घरात दुसरं कोनी नव्हतं?" असे त्या मामांनाच खडसावत, जणू यांनीच तिला घागर दिली होती. आणि शेवटी ती मेलीच की पिठाचे हात झटकून म्हणत, "मारली पुन्हा? मंग मी आंघोळ करून येऊ काय आता?" मामा ओशाळून टोपी घालायचे आणि बाहेर पडायचे.

एका उन्हाळ्यात मामींनी अंथरूण धरले. अंगावर सूज, जिना चढला की धाप, आणि मग बसल्या जागी धाप. खिडकीला वाळ्याचा पडदा लावलेला, त्यावर मामा दिवसभर पाणी शिंपडायचे आणि मधल्या वेळात उशाशी बसून कादंबरी सांगायचे. या वेळच्या कादंबरीत एक आईवेगळी पोर होती. मामाच्या घरी वाढणारी. मामींनी तिचा फारच ध्यास घेतला. आम्ही भेटायला गेलो तर आमच्या बायकोच्या हातावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझ्यासारखीच आहे वं. फक्त तिची मामी कजाग आहे." पूर्वार्ध नेहमीप्रमाणे माझ्याकडे आला. मीही वाचला, आणि पोरीचे पुढे काय होते म्हणून मामांची वाट पाहू लागलो. पण मामा आले नाहीत. मृगाच्या आधीच मामी गेल्या.

तेरावा झाला, पाऊस सुरू झाला, लोक आपापल्या कामाला लागले. मामा ओट्यावर बसून असत. हातात पुस्तक नाही. मी गेलो की सरकून जागा देत आणि गप्प बसत. 'काय वाचून राहिले?' या ज्या प्रश्नाने त्यांनी अर्धे नागपूर जेरीस आणले होते, तो त्यांनी मला एकदाही विचारला नाही. मी बाजारातून एक नवी कोरी कादंबरी नेऊन दिली. चांगली तीन बाळंतपणे आणि एक महापूर असलेली. त्यांनी ती उघडलीही नाही. शेवटी मला एक युक्ती सुचली. म्हटले, यांचे तोंड उघडायचे तर शेवट विचारावा. म्हणालो, "मामा, त्या पोरीचा उत्तरार्ध राहिला तुमच्याकडे. द्या ना."

"बंबात घातला," मामा म्हणाले.

"काहून?" एवढा नागपुरी मी एव्हाना झालो होतो.

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पोरगी मरते, जवाईबापू. सासरी, तापानं. जवळ कोनी नाही. हिचा दुपारी डोळा लागला तेव्हा म्या वाचून काढलं. जागी झाली तर पहिलं हेच, 'त्या पोरीचं काय झालं?' म्या म्हनलं, मोठी झाली, चांगलं घर भेटलं, सुखात आहे."

"मग?"

"मंग काय! 'बरं झालं बाप्पा' म्हनली अन् भिंतीकडं तोंड केलं. त्याच्यानंतर बोललीच नाही काई." त्यांनी माझा हात धरला. अडकित्ता सुटल्यापासून हातावर सुपारीचा डागसुद्धा नव्हता. "जवाईबापू, तिले खरं वाटलं असन ना? जाता जाता तिच्याशी लबाडी केली, ते सलते मले. पन तिले खरं वाटलं असन, तर काई नाही."

"वाटलंच असणार!" मी म्हणालो. "मामी समाधानाने गेल्या. तुमच्या तोंडून त्यांना जन्मात पहिल्यांदा कोणी जगलेलं ऐकायला मिळालं."

मामांनी मान हलवली. हात सोडला. थोडे हलके झाले असावेत असे मला वाटले, आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

बायको तांदूळ निवडत होती. मी तिला सगळे सांगितले. मी मामांची समजूत कशी घातली तेही जरा रंगवूनच. तिचे हात सुपात थांबले.

"एवढंच सांगितलं मामानं मामीले? मोठी झाली, घर भेटलं, सुखात आहे?"

"एवढंच."

"जन्मभर एका उंबरठ्याले तासभर लावनारा मानूस," ती म्हणाली, "त्यानं तिचं अख्खं लगन एका वाक्यात लावून टाकलं? मामीले तिथंच समजलं असन हो. म्हनून तर 'बरं झालं' म्हनली अन् तोंड फिरवलं." तिने पदराने डोळे टिपले आणि सूप पुन्हा पुढे ओढले. "हे मामाले मात्र कधी सांगू नका."