टोपीवाल्याची चतुःसीमा

...हां, तर काल आपण खाण कंपनीच्या त्या कारकुनापाशी थांबलो होतो. त्यानं अलेहो टोपीवाल्याच्या घराचा कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

लावणारच! कागदात चतुःसीमा लिहिलेली: पूर्वेस विधवा अतेन्सिओची खानावळ, पश्चिमेस काय्युपे पाववाला, उत्तरेस रोके न्हावी, दक्षिणेस रस्ता. आणि सेर्रो दे पास्कोत तर खाणीचा खड्डा गावच खात सुटलेला. खानावळ गेली, भट्टी गेली, न्हाव्याची खुर्ची गेली. रस्ताही दहा पावलांवर तुटलेला. मध्ये अलेहोचं दुकान, बोळक्यात उरलेल्या एकुलत्या दातासारखं.

"ताइता," कारकून म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला तिथं सगळे ताइताच म्हणतात. "शेजारच नाही, तर हे घर तेच कशावरून?"

"मी त्यात उभा आहे की, इंजिनिअर साहेब!" डोक्यावर हेल्मेट दिसलं की अलेहोच्या लेखी तो इंजिनिअर.

"उभं राहणं हा काही पुरावा नव्हे. तिन्ही शेजाऱ्यांच्या सह्या हव्यात, शुक्रवारपर्यंत. नाहीतर कंपनीच्या वरच्या नव्या वसाहतीत बदली जागा मिळायची नाही. आणि हे घर तर पुढच्या महिन्यात जाणारच."

अलेहोनं काय करावं? बसच्या ड्रायव्हरांना गाठून निरोप धाडले. उत्तरंही आली. काय्युपे वानुको गावी वारला. विधवा लिमात मुलाकडे, डोळे गेलेले, प्रवास झेपत नाही. रोकेचा तर पत्ताच नाही. गाव सोडताना तिघंही म्हणाली होती, कार्निव्हलला येतो. पाच कार्निव्हल होऊन गेले.

आता तुम्ही म्हणाल, टोपीवाल्यानं हाय खाल्ली असेल. छे! गुरुवारभर तो फळीवरचे लाकडी ठोकळे पुसत बसला. फेल्टची टोपी चढवून वाफेनं आकार द्यायचे ते ठोकळे, माणसाच्या डोक्याएवढे. आजोबांनी चांदीच्या भरभराटीत परदेशी व्यापाऱ्यांसाठी घडवलेले मोठाले, बापानं तांब्याच्या काळात साहेबलोकांसाठी केलेले लांबट, आणि अलेहोनं स्वतः केलेले खाणकामगारांचे, त्यांच्या बायकांचे. प्रत्येकाच्या बुडाशी नाव आणि डोक्याच्या घेराचं माप कोरलेलं. दुपारी खाली सुरुंग उडाला की सगळी डोकी एकदम हलत. विधवा म्हणायची, "बघ अलेहो, तुझी गिऱ्हाइकं हो म्हणतायत, निदान आज तरी रश्श्याचे पैसे दे!" मेंढीच्या डोक्याचा तिचा रस्सा अलेहो रोज सकाळी उधार प्यायचा.

शुक्रवारी कारकून आला तर बाकावर तीन ठोकळे मांडलेले. पूर्वेकडचा पूर्वेला, पश्चिमेकडचा पश्चिमेला, उत्तरेकडचा उत्तरेला.

"हे काय, ताइता?"

"शेजारी. ही विधवा, डाव्या कानाकडची बाजू जरा वर. हा काय्युपे. आणि हा रोके, ह्याला मागं टेंगूळ आहे, हात लावून बघा."

कारकून पोट धरधरून हसला. मग अलेहो हसत नाहीये हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं खरंच टेंगळाला बोट लावलं आणि हेल्मेट काढून बाकावर ठेवलं.

"ताइता, लाकडाची सही वरच्या कचेरीत कोणी घेत नाही हो. माझ्या हातात असतं तर..." त्यानं फॉर्म उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तीन रकाने रिकामे. "साहेब मलाच विचारतील. सांगा, काय लिहू मी?"

त्याच वेळी खाली सुरुंग उडाला. तिन्ही डोकी हलली. अलेहोनं रोकेला पडता पडता धरलं, बाकावर नीट बसवलं आणि म्हणाला,

"लिहा, इंजिनिअर साहेब: पूर्वेस छप्पन, पश्चिमेस अठ्ठावन्न, उत्तरेस पंचावन्न. मधल्या डोक्याचं माप लिहू नका. ते घ्यायचं राहूनच गेलं, आणि आता टेप धरायला दुसरं कुणी नाही."