कापलेले श्वास

पारोळ्याला बस थांबली आणि फोन वाजला. दर बुधवारी सकाळच्या गाडीने मी जळगावहून धुळ्याला जात असे, तसाच त्या दिवशीही निघालो होतो. मांडीवरच्या पिशवीत रेकॉर्डर होता, चार्ज केलेले सेल होते आणि माइकवर चढवायची स्पंजची नवी टोपी होती, कारण जुनी पार विरून गेली होती. फोन संजीवचा होता, देवरेबाईंच्या मुलाचा. तो पुण्याला असतो. "सर, निघालात का?" त्याने विचारलं. म्हटलं, पारोळ्यात आहे, तासाभरात पोचतो. तो म्हणाला, "परत फिरा असं सांगायला फोन केला होता… पण आता याच. आई पहाटे गेली. काल दुपारीच शेजाऱ्यांनी मला बोलावून घेतलं होतं." कंडक्टरने घंटी मारली. उतरावं, पाणी प्यावं, घरी फोन करावा, यातलं काहीही मला सुचलं नाही. मी बसून राहिलो आणि गाडीने मला धुळ्याला नेलं. या गोष्टीला आता चार महिने झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी बाईंवर लिहा, असं दोघा-तिघांनी सांगूनही मी टाळत होतो. दुःख तर होतंच, पण खरं सांगायचं तर थकवा जास्त होता.

देवरेबाईंनी आणि मी एकाच शाळेत बावीस वर्षं शिकवलं. त्या इतिहास-भूगोल शिकवत, मी विज्ञान. शाळेचा लाउडस्पीकर माझ्या ताब्यात असे आणि स्नेहसंमेलनात तो हमखास शीळ घाली. तेव्हा बाई माइक बाजूला सारून तशाच बोलत आणि मैदानाच्या टोकाला बसलेल्या मुलांनाही शब्दन् शब्द ऐकू जाई. "महाजन सर, तुमचं विज्ञान आज झोपलंय," असं वर मलाच ऐकवत. निवृत्तीनंतर मी जळगावला राहिलो, त्या धुळ्याला. यजमान आधीच गेले होते, मुलगा नोकरीला लांब. वर्षातून दोन-तीन फोन, कुणाच्या तरी लग्नात भेट, एवढंच उरलं होतं. एका दुपारी त्यांचा फोन आला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी विचारलं, "सर, आवाज साठवायचं चांगलं यंत्र कोणतं?"

कारण होती निर्मला. आमच्या शाळेतली, पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली मुलगी. आठवीत असतानाच तिची नजर अधू होत चालली होती. बाईंनी तिला पहिल्या बाकावर आणलं, मग फळ्याजवळ आणलं, शेवटी तिच्या शेजारी बसून धडे वाचून दाखवले. दहावी झाली आणि ती घरी बसली. दहा-बारा वर्षांनी, नजर पूर्ण गेल्यावर, तिने घरबसल्या बी.ए. करायचं ठरवलं आणि कुठूनतरी बाईंचा नंबर मिळवला. पुस्तकं वाचायला मोबाईल होता तिच्याकडे. पण ती बाईंना म्हणाली, "मोबाईलमधली बाई वाचते सगळं, पण वाचताना तिला काही कळत नाही. मग मलाबी कळत नाही." या वाक्यानंतर बाईंना नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

जळगावात एका दुकानातून आम्ही रेकॉर्डर घेतला. साबणाच्या वडीएवढा, डोक्यावर दोन छोटे माइक उगवलेले. बाईंनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. पहिले दोन बुधवार आम्ही नुसते तपासण्यात घालवले. बैठकीत रस्त्यावरचे हॉर्न येत, स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर येई. मी बाईंच्या कानाला हेडफोन लावला तेव्हा त्या दचकल्या. पंखा, कबुतरं, शेजारच्यांचा मिक्सर, खाली कुणीतरी बादली ओढतंय… "एवढा गलबला चालू असतो घरात? आणि मी आपली म्हणते, एकटी राहते." शेवटी आतल्या खोलीत साड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर खुर्ची मांडली. कपडे प्रतिध्वनी गिळतात, हे मी वर्गात शिकवलं होतं. खरं करून पाहिलं ते त्या दिवशी. यंत्र तोंडापासून वीतभर आणि जरा तिरपं ठेवायचं, नाहीतर प, फ, भ आले की फटाके फुटल्यासारखे आवाज येत. त्यासाठी बाईंनी स्वतःच एक वाक्य तयार केलं होतं, "फैजपूरच्या फकिराभाऊंनी पिकलेल्या पपया फोडल्या." ते दरवेळी तीनदा म्हणायचं आणि मग घरच्या बोलीत मला विचारायचं, "बठ्ठं बराबर शे ना सर?" मी रेकॉर्डरच्या पडद्यावरची आवाजाची पट्टी बघून, सगळं बरोबर आहे अशी मान हलवली की धडा सुरू.

मग एकेक जोड आली. शिकवताना टेबलावर बोटाची पेरं आपटायची बाईंची जुनी सवय होती. ते ठोके रेकॉर्डरमध्ये जसेच्या तसे उतरत. बाईंनी भरतकामाची लाकडी रिंग काढून दिली. मी तिला आडवेउभे रबर ताणून बांधले आणि मधोमध गोगलगाय लटकवली. मग ठोके थांबले. स्टँड घेतला, जास्त जागेचं कार्ड घेतलं, कानांना न बोचणारा हेडफोन घेतला. पंखा बंद करावा लागे, म्हणून उन्हाळ्यात बाई मानेवर ओला पंचा ठेवून वाचत. दोन तास वाचन, मध्ये चहा. मी जळगावला परत जाऊन संगणकावर त्यातल्या चुका, खोकला, पानांचा आवाज कापायचो आणि धडे निर्मलाला पाठवायचो. पहिल्या वर्षाची पुस्तकं अशी पुरी झाली. निर्मला सगळ्या विषयांत पास झाली. निकाल कळला त्या बुधवारी बाईंनी शेवयांची खीर केली होती आणि वाचन अजिबात केलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला ते ऐकू यायला लागलं. समोर बसल्यावर काही जाणवत नसे. बाई हसत, टोमणे मारत, खुर्चीतून उठून चहा करत. पण घरी हेडफोन लावला की प्रत्येक वाक्यानंतर एक लांब, खरखरीत श्वास. पूर्वी तीन ओळींचं वाक्य त्या एका दमात म्हणत. आता स्वल्पविरामापाशीच थांबत. मी ते श्वास कापत गेलो. आवाज स्वच्छ व्हावा एवढाच हेतू होता. एकदा तासाभराच्या धड्यातून कापलेले तुकडे सहज एकापुढे एक लावून पाहिले, तर सतरा मिनिटं नुसता श्वास भरला. मी हेडफोन काढून ठेवला.

पुढच्या बुधवारी विचारलं. बाईंनी लपवलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुफ्फुसं कडक होत चालली आहेत. "तुम्ही कानाने पकडलंत होय? मला वाटलं, डोळ्यांनी कुणाला दिसत नाही तोवर बरं आहे." संजीवला सांगितलं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्याला कळलं की तो दुसऱ्या दिवशी मला पुण्याला नेईल. मग निर्मलाचं काय? अजून दोन पुस्तकं आहेत… तुम्ही ऐकलंत ते तुमच्यापाशीच ठेवा." मी ठेवलं. बाईंना शब्द दिला होता म्हणून ठेवलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण आज लिहिताना वाटतं, बुधवार बंद होतील याची मलाही धास्ती होती. माझ्या आठवड्यात दुसरं होतं तरी काय?

त्यानंतरच्या एका बुधवारी धडा वाचत असतानाच संजीवचा फोन आला. बाईंनी तो घेतला आणि मी रेकॉर्डर थांबवायला विसरलो. "अरे काही नाही… गच्चीवर कपडे वाळत घालून आले, म्हणून दम लागलाय… हो, जाते ना रोज फिरायला… नको, तू कशाला येतोस? सुट्टी वाया जाईल." फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "याने घेतलं का हे?" मी हो म्हटलं. "खोटं बोलले पोराशी. कापून टाका." निर्मलाला पाठवलेल्या धड्यातून मी ते कापलं. मूळ कार्ड मात्र तसंच राहिलं. मी कुठलंच कार्ड कधी पुसलं नाही.

तेराव्याचे पाहुणे निघून गेल्यावर संजीवने मला थांबवून घेतलं. स्वयंपाकघरात दोघंच होतो. "सर, डॉक्टर म्हणाले, हे दुखणं वर्षभराचं होतं. तुम्ही दर आठवड्याला येत होतात. काहीच जाणवलं नाही का?" नाही म्हणणं सोपं होतं, आणि ते पटलंही असतं. मी म्हटलं, "जाणवलं होतं. सात महिन्यांपूर्वी." तो उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच ऐकवत नव्हता. "मला सांगितलं नाहीत."

"बाई नको म्हणाल्या होत्या."

"आणि तुम्ही ऐकलंत."

आधी कळलं असतं तर कदाचित काही महिने जास्त मिळाले असते, कदाचित नसतेही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्या दोन कदाचितांच्या मधेच मी सध्या राहतो. थोड्या वेळाने त्याने विचारलं, पुस्तकांखेरीज आईचा काही आवाज आहे का तुमच्याकडे? नुसतं बोलणं? मला ते कार्ड आठवलं. द्यावं की न द्यावं… बाईंनी कापायला सांगितलेली गोष्ट होती ती. पण एकदा गप्प राहून काय झालं ते समोरच बसलं होतं. जुनी कार्डं रेकॉर्डरबरोबर पिशवीतच असत; मी ते कार्ड काढलं, तो तुकडा शोधला आणि हेडफोन त्याच्या हातात दिला.

तो माझ्याकडे पाठ करून ऐकत होता. दोन मिनिटांचाच तुकडा, पण त्याने तो पुन्हा लावला, मग परत एकदा. हेडफोन काढून ओट्यावर ठेवला. मला वाटलं, आता मला जायला सांगेल. तो म्हणाला, "मला आठवतोय हा फोन. मी गाडी चालवत होतो. तिला दम लागलेला मलाही ऐकू आला होता, सर… कपड्यांचं तिने सांगितलं आणि मला बरं वाटलं. घाईत होतो." मग तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. निघताना त्याने सगळी कार्डं कॉपी करून मागितली. "श्वास काढू नका," एवढंच म्हणाला. तो मला पूर्णपणे माफ करेल असं मला वाटत नाही. पण त्याने मला बसस्टँडपर्यंत सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभा राहिला.

इतिहासाच्या पुस्तकातले शेवटचे चार धडे बाकी होते. ते मी जळगावला, माझ्या घरी बसून वाचले. घसा दुखत होता, लक्ष लागत नव्हतं. एकदाचं संपवायचं होतं. पंधरा दिवसांत निर्मलाने लेखनिक घेऊन परीक्षा दिली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. बाकी विषय सुटले, इतिहास राहिला. माझ्यामुळे राहिला का गं, असं विचारायचं होतं, पण विचारवेना. तिनेच सांगून टाकलं, "सर, राग नका मानू. तुम्ही फार भरभर वाचता. बाईंचे धडे ऐकताना वाटायचं, पुढे काय झालं ते बाईंनाच आधी ऐकायचंय. तुम्ही वाचलेलं ऐकताना वाटलं, सरांना बस गाठायचीय."

मी हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन. म्हटलं, बरोबर आहे तुझं.

"मी पुन्हा बसणार आहे," ती म्हणाली. "ते चार धडे परत वाचाल?"

मी सत्तरी ओलांडली आहे, डोळ्याचं ऑपरेशन पुढ्यात आहे. तिला म्हटलं, अगं, मला बाईंसारखं वाचता येत नाही, मी आपला लाउडस्पीकरवाला. ती म्हणाली, "मग आधी धडा स्वतः शिका. मी थांबते."

आज सकाळी पहिला धडा समजून घ्यायला बसलो. दोन पानं झाली आहेत.