पंख्याले लावा बिल्ला

सुमन गेली, हे मले तिच्या सुनेनं फोनवर सांगतलं. मी अंगणात गहू निवडून राह्यली होती. सूप बाजूले ठेवलं, जराशी बसली... मंग पुन्हा निवडाले लागली. काय करता?

अल्लीपूरहून आम्ही दोघी संगंच जिनिंगमधी जाऊ, कापसातला कचरा निवडाले. बारीक धूळ उडे. तोंडाले फडकं बांधलं तरी नाकात जाये. भिंतीत एक मोठा पंखा होता, तो धूळ बाहेर फेके. सुमनले दमा. त्या पंख्याच्याच भरवशावर ती उभी राहे.

मंग नवे साहेब आले. म्हणे, बिजली वाचवा, धरती आपली माय हाय. ज्या खात्यात बिजली कमी जळन, त्याले हिरवा बिल्ला अन् टाळ्या. आमच्या मुकादमानं पयले तो पंखाच बंद केला. झाली धरती खूश! साहेबाच्या खोलीतली थंडी हवा मात्र दिवसभर चालू. वा रे, मायचे लेकरं!

सुमन बटण दाबे, मुकादम बंद करे.

"काऊन वं, बिल्ला नाई पायजे तुले?"

"मले दम घ्याचा हाय, भाऊ."

"मंग घरी जाऊन घेजो."

घरी कशी बसन? नवरा लकव्यानं खाटेवर, पोराले कधी काम हाय, कधी नाई. खोकत खोकत येतच राह्यली.

बिल्ला आमालेच भेटला. सगळ्यायले मैदानात उभं केलं. साहेब बिल्ला लावाले आले, तं सुमन मांगं सरकली.

"साहेब, पंख्याले लावा. महिनाभर गुमान तोच बसला."

बाया पदरात तोंड खुपसून हासल्या. साहेबबी हासले... अन् दुसऱ्या दिवशी तिले गेटवरूनच वापस केलं. मंग ती लोकायच्या वावरात निंदाले जाये, जमलं तवर. दमा काई गेला नाई. डॉक्टर म्हणे, वय झालतं. असन. माहंबी तेवढंच हाय.

तेरवीले सुमनच्या घरी जिनिंगवाले आले. कडुनिंबाचं रोप, त्याले सुमनच्या नावाची पाटी, संगं फोटोवाला. गेटवरून हाकललेली बाई आता बरी याद आली! रोप ठेवलं, फोटो काढला. बाहेर गाडी चालूच ठेवलती, तिच्यात बसले अन् गेले.

मी आत गेली. सुमनच्या रिकाम्या खाटेवर पंखा फिरून राह्यला होता.

"मावशी, फुकटचा फिरते," म्हणून सून बटणाकडं गेली.

बाजूच्या खाटेवरून सुमनच्या म्हाताऱ्यानं आपला चालता हात वर केला.

"राहू दे वं," म्हणे. "तिचा पंखा बंद कराचा नाई."