फरीदाची बिनफुलाची कुंडी

फरीदा म्हंजी आमची शेजारीण. न्हावऱ्यात नांदायला आली तवापासनं मशिनीवर झंपरं शिवती, आन् तोंड मशिनीपरीस जोरात चालतं. मी म्हाळसा, वयानं मोठी, म्हणून मला मावशी म्हणती. ऐकत मातूर काडीचं न्हाई.

तिचं माहेर दौंडचं. एका उन्हाळ्यात तिकडं गेली आन् पाय मुरगळून बसली. तिच्या अम्मानं कुंडीतला कंद उगाळून लेप लावला, सूज उतरली. निघताना दोन कंद पदरात टाकले. "भुईचाफा हाय. सावलीत लाव, उन्हात करपतो." फूल तर फरीदानं तिथं बघितलंच व्हतं. कोऱ्या मातीतनं वर आलेलं, पांढरं, मधी जांभळं, आन् वास असा की बास!

हिनं मोरीच्या भिंतीला, लिंबाच्या सावलीत कुंडी ठेवली. पावसाळ्यात रुंद पानं आली, वरनं नक्षी, खालनं जांभळी. फूल न्हाई. दिवाळी झाली, पानं वाळून गेली. पुढच्या पावसाळ्यात परत पानं, फूल न्हाई ते न्हाईच.

मी म्हणलं, हळद हाय. आम्ही मेंढरामागं फिरलेली माणसं, पाला वळखायला आम्हाला कोण शिकवणार? कंद मोडून बघितला तर आत हळदीसारखा पिवळा न्हाई. शिरूरचा नर्सरीवाला म्हणाला, कर्दळ. कर्दळ कसली, डोंबल! दोघींचं डोकं नुसतं भणाणून गेलं.

आन् दर उन्हाळ्यात फरीदा माहेरी जायची, तर अम्माच्या कुंडीत फुलंच फुलं, पान एक न्हाई! तिच्या मनानं घेतलं की झाडं दोन हायत. खरं झाड अम्मानं सुनंला ठिवलं, आपल्याला रानटी पाला दिला. अम्मा म्हणायची, "अगं, एकच हाय." हिला पटंना. गेल्या उन्हाळ्यात तोंडावर बोलली, "फूल सुनंला, पाला लेकीला. असंच ना, अम्मा?" म्हातारी तांब्या घिऊन कुंडीला पाणी घालायला उठली.

थंडीत अम्मा गेली.

यंदा उन्हाळ्यात फरीदा माहेरी गेली न्हाई. "कुणासाठी जाऊ, मावशी?" म्हणाली. अम्मानं आपल्याला खरंच परकं धरलं का, येवढंच तिला खात व्हतं. मधीच म्हणायची, "धरलंच." मधीच म्हणायची, "न्हाई, अम्मा तसली नव्हती." कुंडी फेकायचीबी न्हाई आन् तिच्याकडं बघायचीबी न्हाई.

एका सकाळी तिनं वरडून हाक मारली. जाऊन बघते तर कोऱ्या मातीवर फूल! पांढरं, मधी जांभळं.

"कुणी खोचलं हे? चेष्टा करताय व्हय माझी?" फरीदा लालबुंद.

तिचा नवरा इनुस रांजणगावहून रातपाळी करून आलेला. डोळे चोळत म्हणाला, "त्यात काय? तू माहेरी गेलीस की दर वर्षी पडतात अशी. वाऱ्यानं येत असतील म्हणून मी उचलून टाकतो."

"उचलून टाकता?" मी म्हणलं. "आरं देवा, काय माणूस हाय!" बोटानं माती सारली. फुलाचा देठ सरळ खाली कंदाला भिडलेला.

फरीदा तरी गोंधळलेलीच. "मग पानं कुठली, मावशी?" तिथंच बसून तिनं दौंडला भाबीला फोन लावला, स्पीकरवर. "भाबी, तुमच्या कुंडीत पावसाळ्यात काय येतं?"

"पानं की. रुंद, खालनं जांभळी. फुलं सरली की पानं. अम्मा दर पावसाळ्यात म्हणायची, आत्ता फरीदा यायला पायजे, तिला दाखवते. तुला फोन करायची की. केला न्हाई का?"

फरीदानं मी सारलेली माती परत देठाला लावली.

"केला व्हता," ती म्हणाली. "दर वर्षी. मी म्हणायची, उन्हाळ्यात तर येऊन गेले, अम्मा. आता परत कशाला?"