चांगल्या पंपावरचा राग

मिसाओ कुनुगीचा राग सगळ्या कंपनीला माहीत होता. तिचा आवाज चढला की शेजारच्या खोलीतले लोक उगाचच चहाला उठायचे. त्या सकाळी मात्र पळायला जागा नव्हती. पंपघर ते केवढंसं, आणि आत ती अन् म्हातारे मेकॅनिक ओरिहारासान, दोघंच.

"माझ्या पंपाला हात कुणी लावला?"

"मी," ओरिहारासान म्हणाले. "मोटर खडखडायला लागली होती. समोरच्या आजी रोज येऊन डोकं खायच्या, झोप लागत नाही म्हणून. काल बदलून टाकली."

"आणि मला विचारायचं नाही?"

"मोटर बदलायची तर तुम्हाला कशाला विचारू, कुनुगीसान?"

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. पंपाच्या अंगावर तिची काडेपेटीएवढी डबी बसवलेली होती. आत पोलादाची पातळ पट्टी. पंप थरथरला की पट्टी हलायची, त्यातून चिमूटभर वीज व्हायची, आणि तेवढ्यावर डबी पंपाची तब्येत ऑफिसला कळवायची. सेल नको, वायर नको. या पट्टीपायी तिने ठरत आलेलं लग्न मोडलं होतं, आईचं आजारपण नुसत्या फोनवर काढलं होतं. दुपारी नगरपालिकेचे लोक बघायला येणार होते. पसंत पडली तर नदीकाठच्या सगळ्या पंपांवर डब्या बसतील, नाही पडली तर काम बंद, असं तिचे वरिष्ठ इबातासाहेब यांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि आज डबीचा हिरवा दिवा लागतच नव्हता.

तिने पंपावर तळवा टेकला. पंप चालू होता, पण थरथर नावाला. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आणखीच संताप आला. पट्टीचं माप तिने याच पंपावर घेतलं होतं, तेव्हाच जुन्या मोटरचं बेअरिंग झिजत आलं असणार. तिने पट्टी बेतली ती दुखण्याच्या थरथरीवर. धडधाकट पंप तिच्या डबीला उपाशी मारत होता.

"जुनी मोटर कुठंय?"

"भंगारात. अजून उचललेली नाही. हवी तर लावून देतो परत," ओरिहारासान सहज म्हणाले. "पण वादळ येतंय म्हणतात. पंप बंद पडला तर मागची सगळी वस्ती पाण्यात. नदीपेक्षा खाली आहे ती."

"एका दुपारचा प्रश्न आहे. लावा."

तिला ओरिहारांचा राग आला, त्या आजींचा आला, बिचाऱ्या नव्या मोटरचाही आला.

दुपारी पाहुणे आले. मोटर खडखडली, हिरवा दिवा लागला, इबातासाहेब कमरेत वाकवाकून सांगू लागले. त्यांच्या हातातल्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: बेअरिंग खराब, पंप ताबडतोब तपासा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हे खरंच खराब आहे का?" त्यातल्या एका बाईंनी विचारलं.

"छे हो, दाखवण्यापुरतं. पंप ठणठणीत आहे," इबातासाहेब हसले.

मिसाओला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती. डबी पहिल्यांदाच धडधडीत खरं बोलली होती, आणि तिलाच सगळे खोटी ठरवत होते. ती पुढे झाली आणि तिने लाल बटण दाबलं. मोटर थांबली. हिरवा दिवा विझला.

"ठणठणीत नाहीये," ती म्हणाली. "सकाळी होता. ही सडकी मोटर मी परत लावायला लावली, कारण चांगल्या पंपावर माझी डबी चालत नाही. ओरिहारासान, नवी आणा."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. इबातासाहेब तिच्या कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणाले, "काय करून बसलीस, कळतंय का तुला? संपलं तुझं काम."

"कळतंय," मिसाओ बाह्या वर सारून जुन्या मोटरला हात घालत म्हणाली. "त्या बाजूने धरा, साहेब. जड आहे."