सीताईच्या पानातला दही-भात

भगवंतराव मास्तर गेल्याची बातमी मला अमरावतीच्या भर बाजारात अकोल्याच्या एका गाडीवानाने दिली. "तुमचे मास्तर गेले नं जी, पोळा झाल्यावर... तापानं," एवढं सांगून तो बैल सोडायला लागला. घेतलेली भाजी तिथेच विसरून मी घरी आलो.

अकोल्याच्या शाळेत मी कोकणातून नवा रुजू झालो, तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. जुन्या शहरात माणसं दुसरं काही बोलतच नसत. आम्हा शिक्षकांच्या शिदोऱ्या दुपारी एकत्र सुटत, पण त्या गप्पांत मी मुका. ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना, माणसांत जीव रमेना. परत जायचं मनाशी पक्कं झालं होतं. गणित शिकवणाऱ्या भगवंतरावांनी ते ओळखलं. "जासान, जासान. पयले आमच्या वावरात तं या," म्हणाले आणि मला बार्शीटाकळीला आपल्या घरी घेऊन गेले.

त्या दिवशी त्यांच्या शेतात सीतादही होतं, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची पूजा. बायांनी एका उंच पऱ्हाटीपुढे, म्हणजे कपाशीच्या झाडापुढे, पळसाच्या पानावर दही-भात वाढला. कित्येक महिन्यांनी भात दिसला होता... मला वाटलं, पाहुण्याचंच पान. हातपाय धुऊन आलो, मांडी घातली आणि खुशाल जेवायला लागलो. दोन घास पोटात गेल्यावर ध्यानात आलं, सगळं शेत गप्प झालंय. भगवंतरावांची आई कपाळाला हात लावून उभी. देवीचं पान उष्टं झालं, आता पीक हातचं जातं, असं कोणी तरी कुजबुजलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. भगवंतराव मात्र शांतपणे माझ्या मागे येऊन उभे राहिले. "सीताईले भूक लागली, तिनं कोकणातून तोंड धाडलं. थांबले काहून? पान टाकू नका, मास्तर."

त्या साली कापूस भरघोस आला. मग दरवर्षी तिथे दोन पानं मांडली जाऊ लागली, एक सीताईचं, एक माझं. शाळेतले शास्त्रीबुवा शिदोरी सोडताना विचारत, "काय, यंदा देवी जेवल्या का?" आणि सगळे हसत, मीही हसे. परत जायचा विषय मी पुन्हा काढला नाही. अमरावतीला बदली झाली तरी सीतादह्याला जायचं चुकलं नाही.

यंदा जाणार नव्हतो. कोणासाठी जायचं? तर गेल्या आठवड्यात त्यांचा धाकटा भाऊ रिकामी गाडी घेऊन दारात. शेजाऱ्यांचा कापूस केव्हाच बाजारात पोचला होता, दराचा तर उद्याचा भरवसा नव्हता. "अजून वेचणी लावली नाही?" मी विचारलं.

"माय म्हणते, खाणारा आल्याबिगर पऱ्हाटीले हात नाही लावाचा."

शेतात दोन पानं मांडली होती. मी बसलो, दोन घास खाऊन थांबलो. सवयीने मागे वळून पाहिलं. भगवंतराव उभे राहायचे तिथे त्यांची आई उभी होती.

"पान टाकू नका, मास्तर," ती म्हणाली.

मी पान चाटूनपुसून संपवलं. मग बाया वेचायला लागल्या.