मिठाचा खड्डा

आईला खडेमीठ घरात चालत नाही. पुड्यातलं बारीक मीठच आणायचं. लहानपणी मला हा तिचा नखरा वाटायचा. नंतर कळलं. माझ्या पाठचा भाऊ बारशाआधीच गेला. एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि खड्ड्यात मीठ टाकतात. बापानं आईच्या कुशीतून त्याला उचललं तेव्हा त्याचं अंग गरम होतं, असं ती आजही म्हणते. "उनाचे दिवस व्हते, सारंच गरम व्हतं," असं बाप म्हणतो. याच्यापुढे त्यांचं बोलणं कधी गेलं नाही.

बाप भोई. आमचं गाव संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. नदीला एक डोह आहे, उन्हाळ्यातही न आटणारा. त्यातल्या मरळ, वाम आणि झिंग्यांवर आम्ही वाढलो. आई दारात बसून मासे कापते. जिवंत मरळीच्या डोक्यात दांडका घालताना तिचा हात कधी थरथरला नाही. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी तिला माळकरी समजेल.

दोन-तीन वर्षांमागे मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले होते. तेव्हाच गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या शेततळ्यावर मत्स्य खात्याची जीप आली. पठ्ठ्यानं बंदी असलेला परदेशी मांगूर पोसला होता. काळा, मिशांचा, सडकं मांस खाऊन माजलेला मासा. हवेवर जगतो, पाण्याबाहेर काढला तरी लवकर मरत नाही. जाळं ओढायला खात्यानं बापाला बोलावलं, आणि पाट्या उचलायला आम्ही मायलेकी गेलो.

"यातला एक जरी नदीत गेला ना बाबा, तर बाकीचे मासे संपलेच समजा," साहेब बापाला म्हणाले. "तुमच्याच पोटावर पाय येईल." साहेबांचं काही चुकत नव्हतं, असं मला आजही वाटतं.

पंचनामा झाला. जेसीबीनं खड्डा खणला, आम्ही त्यात मासे ओतले. मग साहेबांच्या माणसांनी पोती फोडली. चुना आणि खडेमीठ. मीठ पडलं तसा सगळा खड्डा खदखदायला लागला. आईच्या हातातली पाटी खाली पडली.

"मारायचं तं मारा ना," ती साहेबांना म्हणाली. "जित्तं काऊन गाडता?"

"मावशी, एवढे मारत कोण बसणार? मरतात आपोआप."

जेसीबीनं माती लोटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आई घरात नव्हती. आखाजीला पितरांसाठी भरायची नवी घागरही जागेवर नव्हती. मी तशीच शेततळ्याकडे पळाले. खड्ड्यावरची माती जागोजागी उकलली होती. काही मासे वर येऊन गवतातून सरपटत होते. माझ्या अंगावर तेव्हा आलेला काटा अजून गेलेला नाही. आई गुडघ्यांवर बसून मातीत बोटं घालत होती, हाताला लागलेला मासा घागरीत सोडत होती.

"आई, काय करून राह्यली? साहेब काय म्हणला, आयकलं नाही का?"

"आयकलं."

"मंग?"

"गरम हायेत व, बाई," ती म्हणाली.

चुन्यानं माती तापली होती, दुसरं काय! मी घागर धरली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझे हात आपोआप सुटले. ती डोहावर गेली आणि तिनं घागर पाण्यात आडवी केली. घरी आल्यावर बापानं तिचे चिखलाचे हात पाहिले, घागर हुंगली, आणि जुन्या घागरीत पितरांचं पाणी भरलं.

पुढच्या वर्षी मरळ कमी झाली. मग झिंगेही दिसेनात. बाप रिकामं जाळं खांद्यावर टाकून घरी यायचा. "पुरात तळं फुटलं, तवाच गेले असतीन नदीत," असं आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा. तळ्याला साधी भेगही पडली नव्हती, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आई डोहाच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. पाण्यात ते कूस बदलतात, मले आयकू येते, म्हणायची. डोहावरून कुणी हाक मारली तरी आमच्या घरी पोचत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मी माहेरी असतानाच बाप पाटीत एकच मासा घेऊन आला. काळा, हातभर लांब, मिशा हलवत होता. असा सापडला तर विकायचा नाही, परत सोडायचा नाही, पुरायचा, असं खात्यानं सांगून ठेवलेलं आहे. बापानं अंगणात लिंबाखाली खड्डा खणला. दांडक्याला मात्र त्यानं हात लावला नाही. आई उठून दुकानात गेली आणि खडेमीठ घेऊन आली.

पाटीपाशी बसून तिनं माशावर तळहात ठेवला. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. ऊन पाटीवरून सरकून भिंतीवर चढलं. शेजारीण डोकावून गेली, मी चहा केला, तो तिथंच निवला. आईनं हात उचलला नाही. बाप फावडं टेकवून उभा राहिला, आणि एकदाही घाई कर म्हणाला नाही. मला रडू आवरेना.

दिवेलागणीला तिनं हात काढला. पालथा करून पुन्हा एकदा लावून पाहिला. मग मासा उचलून खड्ड्यात ठेवला आणि मुठीनं मीठ टाकलं.

"थंड झाला," ती बापाला म्हणाली. "आता टाका माती."